परभणीच्या मैदानावरून

गेल्या कार्तिकांत गंगाखेडास, संत जनाबाईच्या गांवीं, गोदास्नान करून परततांना परभणीस गाडी बदलावी लागली. मध्यें तीन तासांचा अवकाश होता, म्हणून पायीं फिरावयास निघालों. मुलूख काळ्या कसदार जमिनीचा. ‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ असें येथील माणसें मोठ्या ठसक्यानें सांगतात. वाटेंत एका मैदानावर कांहीं तरुण क्रिकेट खेळत होते. थांबून चौकशी करितां एकजण म्हणाला, “काका, येथें कितीही चांगलें खेळलें तरी निवडणाऱ्यांच्या दृष्टीस कोठें पडतें?”

त्या उद्गारानें एक जुनी हकीकत आठवली. अमेरिकेंत महाविद्यालयांतून फुटबॉल म्हणून जो दांडगा खेळ खेळतात, त्यांतील सर्वोत्तम अकरा गड्यांची ‘अखिल अमेरिकन’ यादी प्रथम १८८९ सालीं प्रसिद्ध झाली. ते अकराही गडी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या ईशान्येकडील तीनच विद्यापीठांचे होते! पुढें दक्षिणेकडील व पश्चिमेकडील लोक आपापल्या प्रांतांच्या याद्या करूं लागले. असले संघ बहुधा कागदावरच राहत. परंतु आपल्याकडेही पाहण्याजोगें कांहीं आहे, हें त्यांतून जगास कळे.

आपल्याकडे रणजी करंडकाचे सामने १९३४–३५ सालीं सुरू झाले. विभागवार संघांचा दुलीप करंडक १९६१–६२ पासूनचा, आणि विद्यापीठांच्या विभागीय संघांचा विझी करंडक १९६६–६७ पासूनचा. परभणीची कथा यांत मोठी मौजेची आहे. हैदराबादनें १९३७–३८ सालीं रणजी करंडक जिंकला, तेव्हां परभणी निजामाच्या राज्यांत होती. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य संपलें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. येथील महाविद्यालयांचा संबंधही प्रथम उस्मानिया विद्यापीठाशीं होता, १९५८ पासून औरंगाबादशीं आला आणि १९९४ पासून नांदेडशीं आहे. क्रिकेटच्या वांटणींत हैदराबाद दक्षिण विभागांत, तर महाराष्ट्र पश्चिम विभागांत! मैदान तसूभरही हललें नाहीं. शीव मात्र हलली. निवडणारे मात्र दोन्ही वेळां दूरच राहिले.

परंतु दूर असणें हें केवळ कोसांवर अवलंबून नसतें. मी शिक्षक असतांना एकदां शाळेचा संघ निवडला. सायंकाळच्या सरावास जे येत, त्यांतूनच निवड केली. दोन कोसांवरून पायीं येणारा एक मुलगा शेवटची घंटा होतांच घराकडे निघे. त्याला खेळतांना मीं कधीं पाहिलेंच नव्हतें. आमचा संघ तालुक्यास हरून आला. त्यानंतर एका मधल्या सुटींत त्याची गोलंदाजी पाहिली आणि मान खालीं घातली. तो कधीं कांहीं बोलला नाहीं; तेंच मला आजवर सलतें.

त्या तरुणाला हें सारें सांगितलें नाहीं. “तूं खेळ, मी पाहतों,” एवढेंच म्हणालों आणि गाडीची वेळ होईपर्यंत लिंबाच्या सावलींत बसून राहिलों. निवडण्याचा अधिकार आतां उरला नाहीं. पण पाहण्याचें ऋण अद्याप शिल्लक होतें.