वहीत बघा

आमच्या सोलापूरच्या वाड्यात बिऱ्हाडं नऊ होती आणि होल्डॉल एक. खाकी कॅनव्हासचा, दोन कातडी पट्ट्यांचा. त्यातली एक पट्टी चांभाराकडून तीनदा शिवून आणलेली. तो नेमका कुणाचा, हे वाडा पडेपर्यंत ठरलं नाही. ज्याला मुंबईला जायचं असेल त्याच्या दारात तो आदल्या संध्याकाळी येऊन पडायचा. त्याच्यामागून वरच्या काकूंचा फिरकीचा तांब्या यायचा, मागच्या खोलीतल्या मास्तरांचं पितळी कुलूप यायचं, बॅटरी यायची; बॅटरी एकाची आणि आतले सेल दुसऱ्याचे. आणि सगळ्यांत शेवटी, नानांच्या हातून, यायची ती वही.

लॉजची वही. लांबट, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात उधारी मांडायला असते तशी. ओसरीवरच्या खुंटीला ती पंचांगाशेजारी टांगलेली असायची. निघायचा दिवस पंचांगात बघायचा आणि उतरायची जागा वहीत. कुणी काहीही विचारलं, मुंबईत कुठं राहावं, रात्री किती वाजेपर्यंत दार उघडं असतं, बरोबर म्हातारं माणूस आहे तर जिना कसा आहे, की नानांचं उत्तर ठरलेलं, "वहीत बघा."

नाना आमचे थोरले चुलते. गिरणीत टाइमकीपर. माणूस किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला, हे आयुष्यभर लिहून ठेवलेला माणूस. १९६३ साली ते कोर्टाच्या कामाला मुंबईला गेले. रात्रीच्या गाडीनं निघाले, सकाळी साडेसहाला दादरला उतरले, स्टेशनसमोर एका लॉजवर खोली घेतली, अंघोळ केली, काम उरकलं, आणि रात्रीच्या गाडीला निघताना मॅनेजरनं हातात दोन दिवसांचं बिल ठेवलं. त्या लॉजचा दिवस दुपारी बाराला संपायचा. सकाळचे साडेपाच तास हा एक दिवस, बारानंतर दुसरा. नानांनी पैसे मोजून दिले, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी वही आणली. पहिल्या पानावर त्यांच्या टाकाच्या अक्षरात अजून आहे: "आधी विचारावे. चोवीस तास की दुपारी बारा?" ज्या लॉजवर चोवीस तासांचा हिशेब असेल, त्याच्या नावापुढे २४ हा आकडा गोलात. सोलापूरची गाडी मुंबईला उजाडताना पोचते. त्यामुळे आमच्या दृष्टीनं त्या गोलाला मोल होतं. आमच्यापैकी कितीजणांचं एकेका दिवसाचं भाडं त्यानं वाचवलं असेल!

पुढं रकाने. लॉज, मजला, भाडे, पाणी, शेरा. परत आलेल्या माणसानं आधी पाय धुवायचे, मग चहा, मग नानांसमोर बसून नोंद सांगायची. सामान सोडण्याआधी. कारण, नाना म्हणायचे, एक झोप काढली की माणूस अर्ध्या गोष्टी विसरतो.

शेऱ्याचा रकाना आम्ही मुलं गोष्टीच्या पुस्तकासारखा वाचायचो. "ढेकूण नाहीत. दोन रात्री पाहिले." "जिना अंधारा, बॅटरी न्यावी." "गरम पाणी सहा ते आठ, एक बादली, दुसरी मागू नये." "कडी आतून लागत नाही, खुर्ची लावून निजलो." "खाली बँडवाल्यांचे दुकान, लग्नसराईत झोप नाही." "गादी पातळ, पण अभ्रा धुतलेला." "पोऱ्या प्रामाणिक, उरलेले चार आणे परत आणून दिले." एका ठिकाणी फक्त एवढंच: "नको." तिथं काय झालं होतं ते सांगणाऱ्यानं कधी सांगितलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी तिथं कधी उतरलंही नाही.

नातेवाईक असताना लॉज कशाला, असं आज वाटेल. नातेवाईक होते की. गिरगावात होते, लालबागला होते. पण दहा बाय बाराच्या खोलीत सातजण, नळ पहाटे, आणि आपण गेलो की त्या घरातला कर्ता पुरुष गॅलरीत निजणार. आईला ते फार लागायचं. ती म्हणायची, भेटायला जावं, डबा घेऊन जावं, निजायला जाऊ नये. म्हणून भेट नातेवाइकांकडे आणि मुक्काम लॉजवर, अशी आमच्यात रीतच पडली.

आणि मुक्काम बहुतेक दादरला. आजोबांच्या पिढीला बोरीबंदरच माहीत. तिथून १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला सुटली, हे आजोबा असं सांगायचे की जणू ते फलाटावर उभे होते. पण नानांनी दादर पक्कं केलं. मध्य आणि पश्चिम, दोन्ही लाइनी तिथं एकमेकींना भेटतात. परळला केईएम नि टाटा हॉस्पिटल एका अंगाला, वेस्टर्नची लोकल धरली की चर्चगेट आणि तिथून सचिवालय, लग्नाचा बस्ता असेल तर रानडे रोड पायाखाली, आणि संध्याकाळ रिकामी मिळालीच तर शिवाजी मंदिरात नाटक. वहीत दादरच्या पानावर वरती एक सूचना होती: "येथे एक नंबरचे फलाट दोन आहेत. कोणी न्यायला येणार असेल तर नंबराआधी लाइन लिहावी." मास्तरांचे साडू एकदा वेस्टर्नच्या एक नंबरवर तासभर उभे राहिले होते आणि मास्तर सेंट्रलच्या, त्यावरून ती सूचना. २०२३ च्या डिसेंबरात रेल्वेनं दादरच्या सगळ्या फलाटांना एकापासून चौदापर्यंत ओळीनं नंबर दिले, तेव्हा मला मास्तरांचीच आठवण झाली.

खोली ठरायची जोडकार्डावर. दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून कोरं ठेवायचं, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला पैसा पडत नाही. मजकूर नानांचा ठरलेला: "अमुक तारखेस सकाळच्या गाडीने दोन इसम येत आहेत. एक खोली, दोन कॉट, शक्यतो पहिला मजला. भाडे चोवीस तासांचे धरावे. उत्तर उलटटपाली." आठ दिवसांनी कोरी बाजू भरून यायची. "खोली ठेवली आहे." तीन शब्द; पण पोस्टमनच्या हातून ते आले की निघायला घर खऱ्या अर्थानं लागायचं. कुठं आगाऊ रक्कम मागितली तर मनीऑर्डर, आणि मनीऑर्डरीची पोच वहीच्या पानाला टाचणीनं लावलेली.

मग बांधाबांध. सोलापूरच्या माणसाला लॉजचं पांघरूण चालणं शक्यच नव्हतं. चादरींच्या गावचे आम्ही. दुसऱ्याची चादर अंगावर घेऊन कसे निजणार? प्रत्येकी दोन, एक खाली, एक वर. त्या चादरींनीच होल्डॉलचं ओझं व्हायचं, पण त्या काढून ठेवा असं कुणी कधी म्हणालं नाही. डब्यात कडक भाकरी, ती चार दिवस हू की चू करत नाही, आणि शेंगाचटणी. दशम्या गाडीत संपवायच्या, कडक भाकरी लॉजवर. लिंबाचं लोणचं वेगळ्या बरणीत, बरणीच्या तोंडाला फडकं, फडक्यावर दोरा. सुतळी, मेणबत्ती, काडेपेटी, साबणाची अर्धी वडी, एक खिळा. खिळा कशाला, हे विचारलं की आई म्हणायची, असू दे. आणि लॉजच्या भिंतीला नेमका एकच खिळा असायचा आणि कपडे दोघांचे.

कुलूप मात्र दोन कामांचं. लॉजच्या दाराला आपलं कुलूप लावायचं, कारण त्यांच्या कुलपाच्या किल्ल्या किती जणांकडे असतील कोण जाणे. आणि खोली सोडल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंत सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं तर तिथं बिनकुलपाची पेटी घेत नाहीत. हे न कळल्यामुळं वाड्यातल्या एका नव्या सुनेनं दादरला अख्खा दिवस पेटीवर बसून काढला होता. वहीत त्याची नोंद आहे, नाव नाही. नाना शेऱ्यात नावं लिहीत नसत.

खोलीत शिरल्यावर काय करायचं तेही ठरलेलं. आप्पा, आमचे वडील, पेटी दारातच ठेवायचे. आधी कडी लावून बघायची, मग दिवा, मग पंखा, मग तोटी. त्यानंतर गादी. गादीचा कोपरा उचलायचा, शिवणीवर बॅटरी धरायची, मग कॉटचे सांधे, मग कॉटलगतची भिंत. भिंतीवर तपकिरी रेघा दिसल्या की समजायचं, आपल्या आधी इथं कुणीतरी रात्र जागून काढली आहे. तेवढं झालं की आप्पा बाजूला व्हायचे आणि आई होल्डॉलच्या पट्ट्या सोडायची. चादर दोन हातांत धरून ती एकदा झटकायची आणि गादीवर टाकायची. ती कडा दुमडत असेपर्यंत आम्ही भिंतीला टेकून उभे. मग ती म्हणायची, "आता बसा." त्या क्षणी ती खोली सोलापूरची व्हायची. खाली लोकल धडधडत असायच्या, फुलबाजाराचा ओला वास जिन्यातून वर यायचा, पण गादीवर आमच्या घरची लाल चौकडी अंथरलेली.

खाली गल्ल्यावर रजिस्टर. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, इसम किती, येण्याचे कारण. त्या शेवटच्या रकान्यात आमच्याकडचे सगळे एकच शब्द लिहीत: खासगी. मुलगी बघायला आले तरी खासगी, मुलाखत असली तरी खासगी, कोर्टाची तारीख, भावाभावांतली वाटणी, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं खासगी. मॅनेजरही तो शब्द वाचून मान हलवायचा आणि किल्ली द्यायचा.

हळूहळू वही मागं पडली. गावात एसटीडीचे बूथ झाले, जोडकार्ड गेलं. आता माझी भाची मोबाइलवर बघते. खोलीचे फोटो, न्हाणीघराचे फोटो, सतराजणांची मतं, स्टेशनपासून किती मिनिटं चालायचं तेही. चांगलंच आहे. रात्री बाराला एकट्या मुलीला खोली मिळते, ही गोष्ट आमच्या वेळी कुठं होती? ज्याला आजोबा बोरीबंदर म्हणायचे, नाना-आप्पा व्ही. टी. म्हणायचे, १९९६ पासून आम्ही सीएसटी म्हणू लागलो, त्याला ती आता सीएसएमटी म्हणते. गेल्या वर्षी ती निघताना मी न राहवून विचारलं, चोवीस तास की दुपारी बारा? तिनं मोबाइल बघितला. दुपारी बारा. आणि तिची गाडी, आमच्या ग्रामदैवताच्या नावाची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळीच पोचणार होती. तिनं तिथल्या तिथं दुसरी खोली शोधली.

वाडा पडला तेव्हा होल्डॉल कुणी नेला कळलं नाही. तांब्या काकूंच्या नातवाकडे आहे. वही मी मागून घेतली, ती एका पानासाठी.

ते पान आईच्या हातचं. १९८४ साली आप्पांना परळला टाटा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. रुग्णांच्या माणसांसाठी दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आता आहे, तिचा कितीतरी जणांना आधार होतो. आई उतरली ती मात्र वहीतल्याच एका लॉजवर, गोलात २४ असलेल्या. रजिस्टरात तिनंही खासगी लिहिलं. मॅनेजरनं तो शब्द वाचला, तिच्या काखेतलं एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट बघितलं, आणि तिसऱ्या मजल्याची काढलेली किल्ली परत खिळ्याला अडकवून पहिल्या मजल्याची दिली. हे आईनं आम्हाला नंतर सांगितलं. वहीत एवढंच आहे:

"खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी आहे. रात्री कितीही उशीर झाला तरी दार उघडतात. मागितल्यास पहाटे गरम पाणी देतात. एकोणीस दिवस राहिले. शेवटच्या दिवसाचे भाडे घेतले नाही. पाठवणे."

खाली वेगळ्या शाईत: "मनीऑर्डर केली. परत आली."

त्याच्याखाली, आणखी महिन्याभरानं: "चादर पार्सलने पाठवली. पोच आली."