कबूल, वीस सेकंद उशिरा

२०२१ चा मे महिना. ईद नुकतीच झाली होती. सरकारी आदेशात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा, जिल्हा ओलांडायचा तर सबळ कारण हवं. भाचीचा निकाह साताऱ्यात, बहिणीच्याच घरी, आणि तिचे नाना, म्हणजे माझे अब्बा, सांगलीत. वय ७८, आजारातून नुकतेच उठलेले. भाऊ फोनवर म्हणाला, "आपा, तू शाळेचे तास ऑनलाइन घेतेस, तूच दाखव अब्बांना."

तास घेणं वेगळं आणि हे वेगळं, हे त्याला कुठे माहीत! अब्बांना मोबाइलवरचं नीट दिसत नाही, टीव्हीवर यूट्यूब मात्र लागतं. म्हणून लॅपटॉपवर ओबीएस हे फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल असं प्रक्षेपण ठेवलं. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला परवानगी मिळेपर्यंत २४ तास जाऊ शकतात. ते मी आधीच उरकलं होतं, नाहीतर निकाहाच्या सकाळी रडत बसले असते.

आदल्या रात्री तालीम केली. आधी पडदाच काळा. अर्धा तास गेल्यावर कळलं, क्रोममध्ये शाळेची मीट उघडीच होती आणि कॅमेरा तिनं धरून ठेवला होता. ती बंद केली, चेहरा दिसला. मग मी सातवीची हजेरी वाचायला घेतली. दुसरं काही सुचेना. पाचव्या नावाला भावाचा फोन आला, "चित्र अडकतंय."

घरी ४० एमबीपीएसचं नेट आहे असं मेहुणे अभिमानानं सांगत होते. पण तो वेग खाली उतरणारा. आपल्याला लागतो वर चढणारा, आणि तो मोजला तर जेमतेम ३. मी मात्र एका मुलाचा व्हिडिओ बघून १०८० आणि ४५०० असे आकडे भरून ठेवले होते. साडेचारचं पाणी तीनच्या नळातून कसं जाणार? ओबीएसमध्ये खाली गळालेल्या फ्रेम्सचा आकडा असतो, तो नुसता चढत होता. ७२० केलं, बिटरेट १५०० वर आणला, वायफाय सोडून राउटरची वायर थेट लॅपटॉपला लावली. आकडा थांबला. पण म्हातारा लॅपटॉप धापा टाकू लागला, एन्कोडिंग झेपत नसल्याची सूचना आली. बाकीच्या खिडक्या बंद केल्या, सीपीयूचा प्रीसेट 'अल्ट्राफास्ट'वर नेला. चित्र थोडं ढोबळ झालं, चालू राहिलं.

अब्बांनी फोन हातात घेतला. "सूरत बाद में देख लेंगे बेटा, आवाज़ मत टूटने देना."

मला ते पटलं. निकाहात बघण्यापेक्षा ऐकण्याला मोल. साक्षीदारसुद्धा ईजाब-कबूल कानांनी ऐकतात. मग उरलेली रात्र आवाजालाच दिली. कॉलरचा माइक जोडला होता, पण ओबीएस लॅपटॉपच्याच माइकवरून पंख्याची घरघर घेत होतं. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. माइकवर नखानं टकटक करायची, हिरवी पट्टी उसळली तर तोच चालू आहे. लॅपटॉपवर टकटक केल्यावर उसळली तर समजायचं, घोळ आहे. सेटिंगमध्ये माइक बदलला आणि झोपले.

सकाळी आम्ही बाराच जण. काझीसाहेबांच्या पुढ्यात तिवईवर माइक, माझ्या कानाला फोन, फोनवर भाऊ. खुतबा स्वच्छ पोचत होता. नवऱ्या मुलानं "कबूल है" म्हटलं, तीनदा. आणि काही सेकंदांनी आतल्या खोलीतून पुन्हा "कबूल है"!

मी चमकलेच. आत नवरीजवळच्या बायकांनी माझीच लिंक मोबाइलवर लावली होती, आवाज मोठा करून. प्रक्षेपण वीसेक सेकंद मागे चालतं. आतला तो शिळा आवाज माझ्या माइकनं उचलला आणि परत सांगलीला धाडला. पळत जाऊन मोबाइल मुका केला. परत येऊन फोन कानाला लावला तर तिकडे अब्बा भावाला विचारत होते, "कितनी बार क़बूल करवा रहे हैं लड़के से?"

या मागे पडण्यानं प्रक्षेपण करणाऱ्याची मोठी फसगत होते. मध्ये एकदा भाऊ "आवाज बारीक आहे" म्हणाला, मी वाढवला. तो पुन्हा म्हणाला "बारीकच आहे", मी आणखी वाढवला. त्याच्यापर्यंत माझी पहिली दुरुस्तीच पोचली नव्हती. दोन्ही मिळून पोचल्या तेव्हा काझीसाहेब टीव्हीतून कडाडले म्हणे. तेव्हापासून एक बटण फिरवलं की मी तीस आकडे मोजते. शाळेच्या कार्यक्रमातही हेच करते. समोर कुणीतरी आपलं माणूस फोनवर हवंच, कारण आपल्या पडद्यावर सगळं छानच दिसत असतं.

दुआ झाली. आम्ही चेहऱ्यावरून हात फिरवले, बहीण खारकांचं ताट घेऊन उठली, मुलांची झुंबड उडाली. माझ्या कानाला फोन तसाच होता. त्या गोंगाटात सांगलीहून अब्बांचा आवाज आला, सावकाश, "आमीन... आमीन."