मर्यादवेल

आमच्या जालन्याहून समुद्र जवळजवळ चारशे किलोमीटर दूर. त्यामुळे माझ्या अंगणात पसरलेली वेल पाहून येणारे-जाणारे तिला खुशाल बेशरम म्हणतात. त्यात त्यांचा फारसा दोष नाही. नाल्याकाठी माजणारे बेशरम, उपवासाला आपण खातो ते रताळे आणि ही मर्यादवेल ही एकाच कुळातील भावंडे आहेत. तिघांचीही फुले नरसाळ्यासारखी. मात्र बेशरम दूर अमेरिकेतून आलेले आणि मर्यादवेल आपल्याच किनाऱ्यावरची. एकाच घरात एकाचे नाव बेशरम आणि दुसरीचे मर्यादा! नावे ठेवणाराने मोठीच गंमत केली आहे.

2010 साली शाळेची सहल घेऊन मी गुहागरला गेलो होतो. मुले लाटांकडे धावली; मी मात्र वाळूतच थबकलो. भरतीचे पाणी जेथवर पोहोचते, त्याच्या अलीकडे हिरव्या वेलींचे जाळे पसरले होते. दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो, त्या आपट्यासारखे दुभंगलेले पान. पण जाड आणि गुळगुळीत. समुद्राने कोठवर यावे याची सीमा ही वेल दाखवते, म्हणून तिला मर्यादवेल म्हणतात. पेरापेराला मुळे सोडून ती वाळू घट्ट धरून ठेवते. वाळलेल्या बोंडांतून मी काही बिया काढल्या. प्रत्येक बोंडात चार, आणि अंगावर मखमलीसारखी तपकिरी लव. त्या रुमालात बांधून घरी आणल्या.

बीचे कवच इतके कठीण की ते पाण्यावर तरंगत दूरच्या किनाऱ्यालाही लागते. दगडावर घासून आणि रात्रभर भिजवून मी बी पेरले. रोप उत्तम आले. पण मी ते लावले आमच्या काळ्या जमिनीत, आणि वर भर पावसाळ्यातही झारीने पाणी घातले! काळी माती पाणी धरून ठेवते. वाळूला ती सवय नाही. मुळे कुजली आणि श्रावणातच रोप गेले. तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याने सुचवले, “गुरुजी, मीठ घालून पाहू या का?” मी हसलो. ही वेल खारटपणा सोसते. तिला त्याची गरज नसते.

दुसऱ्या वर्षी कुंपणाच्या भिंतीलगत मुरूम आणि बांधकामातून उरलेली वाळू यांचा उंच वाफा केला. तेथे वेल रमली. 2012 मध्ये पावसाने दगा दिला. शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा जुना तलाव आटला. माझ्या धाकट्या भावाने वाळलेली मोसंबीची बाग स्वतःच्या हातांनी तोडून सरपणासाठी विकली. आमच्या घरी टँकरचे पाणी येई, ते हंड्याहंड्याने मोजून ठेवावे लागे. अशा उन्हाळ्यात मी पहाटे, कोणी उठण्याआधी, त्या वेलीला एक तांब्या पाणी घालीत असे. ज्याच्या भावाची बाग गेली, त्याने फुलांच्या वेलीला पिण्याचे पाणी घालावे! मलाच माझी लाज वाटे, आणि तरी हात थांबत नसे.

एके दिवशी पत्नीने पाहिले. ती रागावली नाही. रिकामा तांब्या माझ्या हातातून घेत म्हणाली, “अहो, खाऱ्या वाळूत जगलेली आहे ती. तिला तुमच्या घोटाची गरज नाही. तुमच्या आईंना आहे.”

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. त्या दिवसापासून मी वेलीकडे फिरकलो नाही. मे महिन्यात तिची पाने पिवळी पडून गळाली आणि वाफ्यावर नुसत्या करड्या दोऱ्या उरल्या. त्या उपटून टाकण्याचेही माझ्या मनात आले नाही.

2013 च्या जून महिन्यात पाऊस आला. आठवडाभराने आईला आधार देऊन ओसरीवर आणून बसवले. तिची दृष्टी अधू झाली होती, तरी वाफ्याकडे बोट दाखवून तिनेच विचारले, “ते काय रे हिरवे?” मी जवळ जाऊन पाहिले. वाळलेल्या दोरीच्या तीन पेरांना, जेथे जेथे मूळ खोल गेले होते तेथे तेथे, आपट्याची इवली पाने फुटली होती. बाकीची पेरे मेलेलीच होती.

फुले पुढे यथावकाश आली. सकाळी उमलतात आणि दुपार टळायच्या आत मिटून जातात, म्हणून ज्यांना ती पाहावयाची असतील त्यांनी लवकर यावे. आता वेल भिंतीवरून पलीकडच्या गल्लीत उतरली आहे, आणि शेजारी तिला अजूनही बेशरमच म्हणतात.