आजीची खोली

माझं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात. घराला मातीच्या जाड भिंती, वर कवेलू. माकडं उड्या मारून कवेलू फोडतात, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात. गेल्या उन्हाळ्यात दादा वैतागला. म्हणाला, "पुरे झालं! सगळं पाडून स्लॅब टाकू."

आडवी आली ती त्याचीच आठवीतली लेक. "बाबा, स्लॅबखाली आजीला झोप येईल का?"

आम्ही हसलो. पण पोरगी चिवट. तिनं शेजारच्या स्लॅबच्या घरात एक थर्मामीटर टांगला, आजीच्या खोलीत दुसरा. आठवडाभर रात्री नऊला दोन्ही आकडे वहीत लिहिले. एकाही रात्री स्लॅबची खोली थंड निघाली नाही! दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता आत सोडतो. कवेलू लवकर निवतात आणि त्यांच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

मग मीही वाचायला बसले. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. कोळशाचा धूर तर होतोच, शिवाय चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. माणसं जगभर हा वायू जेवढा सोडतात, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटचा!

२०१९ साली १६ मुलांनी हवामानबदलाची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे नेली होती. त्यांत हरिद्वारची रिद्धिमा पांडे होती. आधी आपापल्या देशात दाद मागा, असं समितीनं २०२१ मध्ये सांगितलं. आमच्या लेकीनं तर घरातच दाद मागितली!

"मग काय, बांबूचं घर बांधू? तो जळतो," दादा म्हणाला. खोटं नव्हतं. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये आग लागली होती. आमच्या अंगणातला बांबूचा मांडवही घुणानं पोखरला होता. लेक गप्प झाली. पण शोध घेऊन आली. बांबू बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा, दगडी जोत्यावर उभारावा, चुलीपासून दूर ठेवावा. मांडवाच्या वेळी आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

आता ठरवायचं कसं? मी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट सांगितली. या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूही ग्रामसभेच्या हाती आला. तिथं बहुमतानं नाही, सगळ्यांच्या सहमतीनं ठरतं. एकाचं जरी पटलं नाही, तरी पुन्हा बसायचं.

आम्हीही बसलो. तीन रात्री! शेवटी ठरलं : मोरी आणि स्वयंपाकघर पक्कं, तेही औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटांचं. आजीची खोली मात्र मातीची, वर कवेलूच. आतल्या आडोशाला मुरवलेल्या बांबूचे तट्टे. दादाची एकच अट, "कवेलू फेरताना हाताखाली तू यायचं."

यंदा माकडं आलीच. शिडीखाली उभी राहून लेक एकेक कवेलू वर देत होती. घामाघूम झाली होती. मी विचारलं, "काय गं, स्लॅब बरा होता ना?"

"आत्या, हळू बोल," ती म्हणाली. "आत आजी झोपलीय."