उघड्या अंगाचा काकाओ

काकाओला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एक पाऊल मागे सरायचा. पाटीच्या रंगाचं उघडं अंग, ताठ उभे मोठाले कान, डोक्यावर चार राठ केस आणि शेपटीच्या टोकाला तेवढेच. "खरूज झालीय का हो याला?" असं पुण्याहून आलेले पाहुणे हळूच विचारत. मेक्सिकन माणूस मात्र "शोलो!" म्हणून आनंदाने खाली वाकायचा आणि काकाओ तितक्याच तत्परतेने माझ्या पायांमागे दडायचा. अनोळखी हात त्याला शेवटपर्यंत खपला नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तेव्हा मेक्सिको सिटीत, कोयोआकान भागात राहत होतो. शेजारच्या बाईंची शोलोइत्सक्विंतले, म्हणजेच शोलो जातीची कुत्री व्यायली, त्याच वेतातला काकाओ. आईबाप दोघंही बिनकेसांचे, पण वेतात काही पिल्लं चक्क केसाळ निघाली. आम्हाला नवल वाटलं, बाईंना नाही. या जातीत असंच चालतं. केस घालवणारं जनुक आईबापांपैकी एकाकडून आलं, तर पिल्लू उघडं जन्मतं. दोघांकडून आलं, तर ते गर्भातच संपतं. म्हणून दोन उघड्या शोलोंच्या पिल्लांतही साधारण तिसरा हिस्सा केसाळ असतो. या जनुकातला नेमका बदल २००८मध्ये सापडला. तो दातांनाही सोडत नाही. काकाओच्या दाढा मुळातच कमी होत्या, त्यामुळे चपाती त्याला दुधात कुस्करून लागायची.

नाव बाईंनीच ठेवलेलं. आमच्या लेकाने त्याचं दोन दिवसांत 'काका' केलं. आई पुण्याहून आली तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, कुत्र्याला काका काय म्हणता? मामा तरी म्हणा!"

पहिली दोन वर्षं काकाने आमचा जीव काढला. चपला, वायरी, खुर्चीचे पाय, काही म्हणून सोडलं नाही. फाटकाची कडी नाकाने उचलायला तो कधी शिकला, कळलंच नाही. मग एकाएकी शहाणा झाला. भुंकणं जेमतेम; फाटकाशी कुणी नवं आलं तर एकदाच, खर्जात. बाकी दिवसभर घरातलं एक माणूस धरून बसायचं. मी स्वयंपाकघरात तर तो ओट्याखाली, मी आंघोळीला तर तो दाराबाहेर. घरात कुणी नसलं की मात्र असा विव्हळायचा, की शेजारच्या बाई धावत यायच्या.

त्याची निगा म्हणजे कातडीची निगा. वयात आल्यावर पाठीवर पुटकुळ्या आणि काळे ठिपके उठले, अगदी कॉलेजातल्या पोरासारखे. आईने लगेच खोबरेल तेल कोमट केलं. तान्ह्या बाळाला चोळावं तसं चोळणार, तेवढ्यात डॉक्टरांचा निरोप आला : तेल नको, रंध्रं बुजतात. दोन-तीन आठवड्यांनी सौम्य साबणाने आंघोळ, अंग टिपून कोरडं करायचं, कातडी फुटलीच तर बिनवासाचं पातळ लोशन, तेही बोटभरच. आई हिरमुसली, पण लोशन लावायचं काम तिनेच घेतलं. तिचा अंगठा पाठकण्यावरून खाली सरकायला लागला, की काका डोळे मिटून एकेक पाय सैल सोडायचा.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर. दुपारचं ऊन तिथे पातळ हवेतून थेट भाजतं. काकाच्या छातीवर गुलाबी डाग होता, तो सगळ्यात आधी लाल व्हायचा. म्हणून फिरणं सकाळ-संध्याकाळ, मध्ये बाहेर जायचंच तर अंगात सुती सदरा. उन्हाळ्यात तो काळा व्हायचा, थंडीत पुन्हा करडा. डिसेंबरच्या पहाटे कुडकुडायचा, तेव्हा आईने विणलेला स्वेटर. अंगावर ओरखडा, गोचीड, गाठ, काहीच लपत नव्हतं. रोज हात फिरवला की सगळं कळायचं.

तिकडची जुनी माणसं संधिवातावर शोलो उशाशी घेऊन झोपतात. डॉक्टर हसून म्हणाले, "ताप-बिप नाही, इतर कुत्र्यांइतकाच गरम आहे, मध्ये केस नाहीत म्हणून ऊब सरळ तुमच्यापर्यंत येते." आईला कारणाशी कर्तव्य नव्हतं. ती गुडघ्यांवर गोधडी ओढायची आणि आत काका.

शेजारच्या बाईंच्या लेखी तो नुसता कुत्रा नव्हताच. कोलिमाकडच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत मातीचे गुबगुबीत कुत्रे सापडतात. मेलेल्याला पाताळातली नदी कुत्राच पार करून देतो, ही तिकडची जुनी श्रद्धा. खंडोबाच्या कुत्र्याला नमस्कार करणाऱ्या आईला हे लगेच पटलं. पुढे ही जात इतकी मागे पडली, की १९५४मध्ये खेडोपाडी हिंडून कुत्रे शोधावे लागले. १९५६मध्ये मेक्सिकोच्या श्वानसंघाने तिला मान्यता दिली. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर चित्रकार फ्रिडा काहलोचं निळं घर. तिच्याकडेही शोलो होते, १९४९च्या एका चित्रात तिने त्यातल्या एकाला बसवलंय.

काका भरपूर जगला. शेवटी दात गेले, कातडी सुरकुतली, चामखिळी आल्या. अन्न मऊ करून हाताने भरवावं लागे. गेला तेव्हा बाईंनी २७ ऑक्टोबरला, मेलेल्या पाळीव जनावरांच्या दिवशी, त्याचा फोटो झेंडूच्या फुलांत मांडला. आपला दसऱ्याचा झेंडू मूळचा तिकडचाच.

आता ओळखीचे विचारतात, "केस गळत नाहीत, म्हणजे सोयीचा कुत्रा ना?" मी सांगते, केरसुणी कमी लागते, हात जास्त लागतो. रोज अंग चाचपायला वेळ असेल, उन्हाचं वेळापत्रक सांभाळणार असाल आणि घर दिवसभर बंद राहणार नसेल, तरच आणा. नुसता स्वभाव आवडला असेल, तर त्याच वेतातलं केसाळ पिल्लू मागा. स्वभाव तोच असतो, आणि अशा पिल्लांना विचारायला फारसं कुणी येत नाही.