दोन बाटल्या

छायाचित्रांचा छंद म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे कॅमेरा उभा राहतो. माझ्या छंदात कॅमेरा नाही. खडवलीच्या आमच्या घरी दोन तपकिरी बाटल्या आहेत, एक लहानसा तराजू आहे, थोडे जाड कागद आहेत. बाकीचे काम सूर्यनारायण करतो. भातसेच्या काठचे एखादे पान रसायन लावलेल्या कागदावर ठेवावे, वर काच दाबून ते उन्हात धरावे आणि मग कागद पाण्यात धुवावा, म्हणजे गर्द निळ्या भूमीवर पांढरे पान उमटते. पाहुणे त्या निळाईचे तोंड भरून कौतुक करतात. बाटल्यांची चौकशी मात्र कोणी करीत नाही; आणि खरे सांगावयाचे तर अर्धीअधिक विद्या त्या बाटल्यांच्या सांभाळण्यातच आहे.

ही रीत सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदाने १८४२ साली शोधून काढली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांचे असे निळे ठसे पुस्तकरूपाने काढण्यास आरंभ केला. इंजिनियरांच्या कचेऱ्यांतून ज्या नकाशांना ‘ब्ल्यू प्रिंट’ म्हणत, तेही याच कुळातले. कृती म्हणाल तर वाटते तेवढी अवघड नाही. एका बाटलीत फेरिक अमोनियम सायट्रेट, १०० मिलिलिटर पाण्यास २५ ग्रॅम. दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड, तितक्याच पाण्यास १० ग्रॅम. अंधारात आणि वेगवेगळी ठेवली की ही दोन द्रावणे बरेच दिवस शांत राहतात. समभाग एकत्र करून कागदावर चढविली, की मात्र ती प्रकाशाची वाट पाहू लागतात. उन्हाने पहिल्यातील लोहाचे रूप पालटते, ते लोह दुसऱ्याशी संयोग पावते आणि पाण्याने न विरघळणारा निळा रंग जन्मास येतो. पानाच्या सावलीतले मिश्रण तसेच राहते व धुतल्यावर निघून जाते. म्हणून लागेल तेवढेच मिसळावे आणि त्याच दिवशी संपवावे, हा येथला पहिला नियम.

पण हे नियम ज्या ग्रंथांत लिहिले आहेत त्यांच्या लेखकांनी खडवलीचा आषाढ पाहिलेला नाही. त्या दिवसांत घरातले मीठही पाझरते. सायट्रेटचे हिरवट पापुद्रे हवेतील पाणी शोषून घेतात आणि त्यांचा गोळा होतो. मग तराजूत रसायनाबरोबर पावसाचेही वजन भरते. द्रावणावर बुरशीचा पांढरा थर धरतो. रसायन चढविलेला कागद तर दमट हवेत अंधारातही आपोआप निळसर होऊ लागतो, आणि पांढरे उमटावयाचे ते मळकट उमटते. या साऱ्यावर उपाय एकच: जागा थंड हवी, कोरडी हवी आणि काळोखी हवी.

अशी जागा आमच्या घरात एकच आहे, आणि ती लोणच्याच्या बरण्यांची आहे. त्या फडताळातला एक कोपरा मी रीतसर मागितला. सौभाग्यवतीने दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाली, “अहो, ही काकवीसारखी दिसते. आणि ते लाल खडे तर थेट खडीसाखर! घरात चार वर्षांचा नातू आहे, हे ध्यानात आहे ना?”

मी रसायनशास्त्र सांगू लागलो. सायट्रेट तर रक्तवर्धक औषधांतही असते. फेरिसायनाइड नावाने भयंकर असले तरी स्वभावाने तितके नाही. फक्त त्याची तीव्र आम्लाशी गाठ पडू देता कामा नये, कारण मग त्यातून विषारी वायू सुटू शकतो. “म्हणजे न्हाणीघरातल्या ॲसिडपासूनही दूर,” एवढाच अर्थ तिने त्यातून काढला. आणि तो अगदी बरोबर होता.

शेवटी तिनेच व्यवस्था लावली. माळ्यावरची कुलपाची पेटी रिकामी झाली. बाटल्यांची बुचे घट्ट; चमचे वेगळे आणि कोरडे; मोजण्याचे भांडे स्वयंपाकघरात कधीही यावयाचे नाही; प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव, करण्याची तारीख आणि ‘विष’ हा शब्द, जरूर असो वा नसो. लोणच्याला ओला चमचा लावू न देण्यात जिची हयात गेली, तिला हे शिकविण्याची मला गरज पडली नाही. डिंक आणि पोटॅशियम डायक्रोमेट यांच्या मिश्रणाने चित्रे छापण्याची दुसरी एक सुंदर रीत आहे. तिचा मोह मला फार दिवस होता. परंतु ते नारिंगी मीठ खरोखरच विषारी आहे आणि त्यापासून कर्करोगाचे भय असते. त्याला आमच्या पेटीत जागा मिळाली नाही, आणि मिळू नये हे मलाही पटले.

अशा वेळी मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. दादासाहेब १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण कच्च्या फिल्मला अंधारात भोके पाडणे, रसायने कालविणे, फिल्म धुणे ही कामे त्या माउलीने शिकून घेतली होती, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही तिच्याकडेच होता. पडद्यावरचा उजेड सर्वांना दिसला. दादरच्या घरातला तो काळोख कोणी सांभाळला, हे फार थोड्यांच्या ध्यानी राहिले.

गेल्या दिवाळीपासून प्रत्येक ठशाच्या पाठीवर मी दोघांची नावे लिहू लागलो आहे. हिने ती पाहिली, चष्मा सावरून पुन्हा पाहिली आणि म्हणाली, “नावे राहू द्या. आधी तारीख घाला.”