मनूचे कान

मे महिन्यात झाशीत दुपारी कुणी दार उघडत नाही. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, लू सुटते, खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला तर चटका बसतो. अशाच एका दुपारी कूलरच्या घरघरीतूनही मला तो आवाज ऐकू आला. खर्र, खर्र, खर्र. माईंच्या पलंगाखाली बसून मनू मागच्या पायाने डावा कान ओरबाडत होती. मध्येच थांबायची, डोकं झटकायची आणि पुन्हा सुरू.

मनू पांढरीशुभ्र. दीड वर्षापूर्वी पावसात आमच्या जिन्यात येऊन बसलेलं मांजराचं मुठीएवढं पिल्लू. नाव ठेवलं माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. झाशीच्या राणीचं, म्हणजे मणिकर्णिका ऊर्फ मनूचं, गंगाधररावांशी 1842 साली ज्या गणेश मंदिरात लग्न लागलं, तिथे माई अजून दर चतुर्थीला जातात. झाशीतल्या मराठी घरात जन्मलेल्या बाईला ‘मनू’पेक्षा जवळचं नाव दुसरं कुठलं सुचणार? मणिकर्णिका म्हणजे कानातलं रत्नजडित भूषण. काशीत शंकराच्या कानातलं मणिकुंडल पडलं, तो मणिकर्णिका घाट, आणि राणीचा जन्मही काशीचाच. नावातच कान असलेल्या या जिवाचा कान मी दीड वर्षात एकदाही नीट उघडून पाहिला नव्हता.

त्या दिवशी पाहिला. पाळ आतून लालभडक झाली होती आणि खोलात काळपट-तपकिरी, कोरडा चुरा साचला होता. कॉफीची पूड सांडावी तसा. वासही येत होता. शेजारची काकी जिन्यातूनच म्हणाली, “बिलैया के कान में कड़वा तेल डाल दो, ठीक हो जाएगी.” आमच्या घरातही मुलांचे कान दुखले की तेच करायचे. सरसोंच्या तेलात लसणाची पाकळी कढवायची, कोमट झालं की दोन थेंब. मी तसंच केलं. माईंनी तिला पदरात धरलं आणि मी थेंब सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनू उठली ती मान डावीकडे वाकडी करून. चालताना झोक जात होता, भिंतीला अंग घासत चालत होती. दुधाच्या वाटीपर्यंत गेली, वाटी चुकली, बाजूला कलंडली आणि तशीच पडून माझ्याकडे बघत राहिली. माझे हातपाय गळाले. हे कामावर गेलेले. मी तिला भाजीच्या टोपलीत ठेवलं, वर ओला पंचा टाकला आणि रिक्षा करून डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी आधी विचारलं, घरातली कुठली गोळी दिलीत का? पॅरासिटामॉल? माणसाच्या एका गोळीनेही मांजर जीव गमावू शकतं. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मग विचारलं, “कान में तेल किसने डाला?” मी म्हटलं, मीच. ते रागावले नाहीत. कागदावर पेनाने एक नळी काढली. आधी सरळ खाली उतरणारी, मग काटकोनात आत वळणारी. मांजराचा कान असा असतो, म्हणाले, वरून दिसतो तो अर्धाच. वळणापलीकडे पडदा. मनूचा पडदा आतल्या पुवामुळे आधीच फाटला होता, आणि वरून ओतलेलं तेल थेट मधल्या कानात उतरलं होतं. तोल सांभाळणारा भाग तिथे अगदी लागूनच. लसूण तर मांजराला वर्ज्यच, पोटात गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. अंगात ताप होता, 103.6. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 102.5 फॅरनहाइटपर्यंत असतं.

मग त्यांनी तो काळा चुरा कापसाच्या काडीवर घेतला, काचेवर तेलाच्या थेंबात पसरला आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. पांढुरके, आठ पायांचे जीव वळवळत होते. कानातले माइट्स. रस्त्यावरच्या आईकडूनच पिल्लाला लागले असावेत. इतके महिने ते तिच्या कानात होते, ती रात्री माझ्या पायाशी झोपत होती, आणि तिने डोकं झटकलं की मी म्हणायचे, “काय गं, माशी बसली का?”

उपचार लांबले. पुवासाठी गोळ्या, आणि माइट्ससाठी मानेवर, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे, सेलामेक्टिनचे थेंब. महिन्याने पुन्हा, कारण अंड्यापासून माइट मोठा व्हायला तीनेक आठवडे लागतात. एका खेपेत सगळं निपटत नाही. अंगणात येऊन जेवणारा भुरा बोकाही पकडून आणा म्हणाले. एकाचं औषध केलं आणि दुसरा तसाच राहिला तर खाज परत येणार. बोक्याने माझा हात ओरबाडला, पण त्यालाही थेंब लागले. एकाने घरातलं कुत्र्याच्या गोचिडांचं औषध आणून दिलं होतं, “यही लगा दो” म्हणून. नशिबाने मी आधी फोन करून विचारलं. त्यात परमेथ्रिन होतं. कुत्र्याला चालतं, मांजराचा मात्र झटके येऊन जीव जाऊ शकतो.

आता रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, माई खिडकीशी बसतात आणि मनू त्यांच्या मांडीवर. मी कानाची पाळ हळूच मागे वळवते. आधी बघायचं, मग वास घ्यायचा. निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो आणि त्याला वास जवळजवळ येतच नाही. तसा असला तर हात लावायचा नाही. मेण दिसलं तर डॉक्टरांनी दिलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने फक्त दिसतो तेवढाच भाग पुसायचा. काडी घरातून हद्दपार केली आहे. ती मळ बाहेर काढत नाही, आत ढकलते. पाळीच्या बाहेरच्या कडेला खाली एक छोटा दुहेरी कप्पा असतो, तिथेही नजर टाकायची. आणि टोकं. पांढऱ्या मांजराच्या कानाची टोकं उन्हाने करपतात, वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथे कर्करोगही होतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून उन्हाळ्यात दहा ते पाच गच्चीचं दार बंद असतं. मनू त्या दाराशी बसून ओरडते. माझं काळीज तुटतं, पण मी दार उघडत नाही.

दूध बंद केलं, पाण्याच्या वाट्या तीन केल्या, एक माईंच्या देवघराशी. लसी वेळेवर, रेबीजची धरून. नसबंदीची शस्त्रक्रियाही करून घेतली.

पडदा भरून आला, असं डॉक्टर म्हणाले. मान मात्र पूर्ण सरळ झाली नाही, डावीकडे थोडी कललेलीच आहे. परवा गणपतीत ढोल गल्लीत शिरायच्याही आधी मनूचे दोन्ही कान दाराकडे वळले. उजवा झटकन, डावा क्षणभर मागून. माई जप करत होत्या. त्यांनी माळ थांबवली, तिच्या डाव्या कानावर हात ठेवला आणि ढोल पुढे जाईपर्यंत तो तसाच ठेवला.